वाऱ्याचे पेले

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या मुलांना वारा मोजायची खुमखुमी आली ती पवनचक्क्यांमुळे. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर त्या फिरायला लागल्या आणि ‘सर, वारा किती आहे ते कसं कळतं?’ हा प्रश्न आमच्या विज्ञान मंडळात येऊन बसला.

सुरुवात कोनमापकाने झाली. त्याच्या मध्यबिंदूला दोऱ्याने टेबलटेनिसचा चेंडू टांगायचा. वाऱ्याने दोरा उभ्या रेषेपासून ४५ अंश कलला, की वेग ताशी साधारण ३१ किलोमीटर. पठारावरच्या आषाढात मात्र चेंडू नुसता नाचतो, कोन वाचायला सापडत नाही.

मग पेले आले. प्लास्टिकचे पेले २०१८च्या बंदीत गेले, तेव्हापासून कागदी. १८४६ साली आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सन यांनी चार अर्धगोलांचं यंत्र मांडलं होतं. कॅनडाच्या पॅटरसन यांनी १९२६मध्ये ते तीन वाट्यांवर आणलं. आम्ही चारावरच राहिलो. दोन पट्ट्या फुलीसारख्या टाचणीवर बसवणं मुलांना जमतं, तीन पट्ट्यांत १२० अंश राखताना भांडणं होतात.

एक पेला लाल रंगवायचा आणि अर्ध्या मिनिटात तो किती वेळा समोरून जातो ते मोजायचं. इथवर सगळी हस्तकलाच. खरी मजा फेऱ्यांचे किलोमीटर करण्यात आहे. रॉबिन्सन यांना वाटलं होतं, की वाटी लहान असो वा मोठी, तिचा वेग वाऱ्याच्या एक तृतीयांशच असतो. पुढे कळलं, की हे गुणोत्तर वाटी आणि दांडीच्या मापावर ठरतं. म्हणून छापील सूत्र मी मुलांना देतच नाही. वारा पडलेल्या पहाटे रिकाम्या रस्त्यावर मोटारसायकल ताशी वीसने चालवायची, मागे बसलेल्या मोठ्या माणसाने यंत्र बाजूला धरायचं. जाताना आणि येताना फेऱ्या मोजून सरासरी काढायची, मग तिसाने. वहीत येणारा आलेख त्या एकाच यंत्राचा. शेजारच्याचा चालत नाही.

मोठ्या मुलांच्या डोक्यात हल्ली वेगळाच प्रश्न आहे: पवनचक्की जोरात फिरते आणि हातातले पेले मात्र रेंगाळतात, असं का? जमिनीलगत वारा अडतो. त्यासाठीच वेधशाळा दहा मीटरवर मोजतात. उन्हाळ्यात या मुलांनी एकाच बांबूला कमरेच्या उंचीवर आणि टोकाला अशी दोन यंत्रं बांधली. पहाटे दोन्हींत बराच फरक, भर दुपारी कमी. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा वरचा आणि खालचा वारा ढवळून टाकते, हे सांगायला मला फळ्याकडे वळावं लागलं नाही.