टर्बाइनाचा स्वर

दिल्लीत फिरकी म्हणून विकले जाणारे कागदी भिरभिरे आणि त्याच शहरात १९८० नंतरच्या दशकात इंद्रप्रस्थ येथे उभारलेली वीजकेंद्रातील प्रचंड वायुटर्बाइने यांचे मूळ तत्त्व एकच आहे: वाहत्या वायूने पात्यांना रेटावे व पात्यांनी आस फिरवावा. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या टर्बाइनांच्या चिमुकल्या प्रतिकृती जमविणारे हौशी लोक त्यांच्या स्वरावरही लुब्ध असतात. हा स्वर कसा निर्माण होतो?

नळीच्या तोंडापुढून एकेक पाते जाताना हवेचा झोत क्षणभर अडतो आणि हवेत कंप उठतो. चक्राला ८ पाती असून ते सेकंदास १०० फेरे घेत असेल, तर सेकंदास ८०० कंप होतात. वेग दुप्पट झाला की स्वर एक सप्तक चढतो. १९५७ साली प्रचारात आलेले दंतवैद्याचे वायुटर्बाइन मिनिटास सुमारे ३ लाख फेरे घेई. त्याची तीक्ष्ण शीळ या वेगामुळेच होय.

मात्र वेग दुप्पट होताच पात्यांवरील ताण चौपट होतो. तो असह्य झाल्यास चक्र फुटून तुकडे उडतात. म्हणून स्वर अवाजवी चढू लागताच हवेची तोटी बंद करावी. वेगमापक जवळ नसला, तरी कान सावध असावेत.