बोरूचे पुनरागमन

पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचे रुमाल ज्या साधनाने लिहून भरले, तो बरूच्या काडीला तिरका छेद देऊन केलेला बोरू, संगणकावरच वाढलेल्या अक्षररचनाकारांच्या व चित्रकारांच्या मेजावर आज पुन्हा दिसू लागला आहे. टोक तिरके असल्यामुळे रेषेची जाडी हाताच्या दाबापेक्षा तिच्या दिशेवर अवलंबून राहते, आणि देवनागरीच्या वळणांतील जो स्थूल-सूक्ष्म भेद पडद्यावर केवळ अनुकरणाने उतरतो, त्याचे कारण येथे बोटांना आपोआप उमगते. विंडोज प्रणालीतील परिचित ‘मंगल’ टंक रचणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे स्वतः निष्णात सुलेखनकार आणि शिवाय कवीही होते, हे यंत्राभिमान्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षके हाताने रेखणाऱ्या कमल शेडगे यांची अक्षरे तर रसिकांना नाटकाच्या नावाआधी ओळखू येत, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मोडी आणि देवनागरी यांच्या संयोगातून ‘मुक्तलिपी’ साधणारे अच्युत पालव याच परंपरेतले. नवशिक्याने महागड्या निबांच्या मागे न लागता आधी बोरू तासण्यास शिकावे, आणि टोक बोथट होताच धारदार चाकूने नवा छेद घ्यावा.