ओटी आणि माजघर

रेवदंड्याच्या आमच्या जुन्या घरात पाहुणा कुठवर येणार, हे ठरलेले असे. वाटसरू ओटीवर, सोयरे माजघरात. फेसबुकवर ही वाटणी आपणच करायची असते, हे मला पुतणीने शिकवले. ‘दिवाळीपर्यंत घर बंद’ असे लिहून मी घराचा फोटो टाकला होता. “काका, हे चोरालाही कळलं,” ती म्हणाली. मी पोस्ट ‘सार्वजनिक’वरून ‘मित्रां’पुरती केली. पण एखाद्या मित्राने स्क्रीनशॉट घेतला, की ते कुंपणही मोडते.

शब्दांचेही तसेच. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले. दुसरीने ते ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. न्यायाला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. जमावाला काही तास पुरले.

म्हणून गप्प बसावे, असे नाही. मत ओटीवरच मांडावे, चारचौघांत बोलतो आहोत हे जाणून. घराचा पत्ता, प्रवासाच्या तारखा, सातबारा मात्र माजघरातच असू द्यावेत. आणि ओटीपी? तो तर माजघरातही सांगू नये.