सर्व्हर-समूहाचा वेग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अनेक सर्व्हर जोडून उभारलेल्या समूहातून, म्हणजेच क्लस्टरमधून, नेटवर्कवरच्या फाइली झपाट्याने मिळण्यासाठी जास्त क्षमतेची केबल पुरेशी असते, हा समज मोठ्या व्हिडिओ फाइलींपुरता बराचसा खरा असला, तरी छोट्या फाइलींच्या बाबतीत तो पार कोलमडतो. प्रत्येकी ४ किलोबाइटच्या १ लाख फाइलींचा डेटा जेमतेम ४०० मेगाबाइट भरतो आणि १० गिगाबिटच्या जोडणीवरून तो अर्ध्या सेकंदाच्या आत जाऊ शकतो. परंतु प्रत्येक फाइल उघडणे, वाचणे आणि बंद करणे यांसाठी सर्व्हरकडे तीन फेऱ्या होत असतील, दर फेरीला अर्धा मिलिसेकंद लागत असेल आणि फाइली एकामागून एक मागवल्या जात असतील, तर त्याच कामाला अडीच मिनिटे लागतात. फेरीच्या या विलंबाला लेटन्सी म्हणतात आणि केबलची क्षमता दहापट केली म्हणून ती दहापट घटत नाही.

दोन केबली एकत्र बांधल्या की एकाच फाइलीची प्रत दुप्पट वेगाने होते, हेही सहसा खरे नसते. पाकिटांचा क्रम बिघडू नये म्हणून एका टीसीपी जोडणीची पाकिटे सर्वसाधारणपणे एकाच केबलवरून धाडली जातात, त्यामुळे फायदा होतो तो एकाच वेळी काम करणाऱ्या अनेकांना.

सर्व्हर वाढवले की वेग आपोआप वाढतो, हा समज अधिक महागात पडतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये तयार केलेल्या एनएफएस या पद्धतीत संगणक एखाद्या फाइलीसाठी एकाच सर्व्हरशी बोलत असे. २०१० च्या ४.१ आवृत्तीत समांतर प्रवेशाची सोय आली आणि फाइलीचे तुकडे कोठे आहेत ही माहिती, म्हणजेच मेटाडेटा, देणारा सर्व्हर व प्रत्यक्ष डेटा देणारे सर्व्हर वेगळे ठेवता येऊ लागले. तरीही लाखो छोट्या फाइली निर्माण करणारे काम मेटाडेटाच्या दारातच खोळंबते, मग मागे डेटाचे सर्व्हर कितीही असोत.

लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरवर ‘एसिंक’ हा पर्याय निवडल्यास लेखन लक्षणीय वेगवान झाल्यासारखे दिसते, मात्र डेटा डिस्कवर पोहोचण्याआधीच सर्व्हर होकार देत असल्याने वीज गेल्यास तो नष्ट होऊ शकतो; हिशेबाच्या फाइलींसाठी हा वेग न घेतलेलाच बरा. अनेक सर्व्हरवर डेटा वाटून ठेवणाऱ्या सेफसारख्या प्रणालीत डेटाच्या तीन प्रती ठेवल्या, तर तिन्ही ठिकाणी नोंद झाल्यावरच लेखन पूर्ण मानले जाते; शिवाय चुकून पुसलेली फाइल तिन्ही ठिकाणांहून जाते, म्हणून बॅकअपची तरतूद आराखड्यात स्वतंत्रपणेच करावी लागते.