संशोधनातील भागीदारी आणि चौथी खुर्ची

विद्यापीठे, शासन आणि उद्योग यांनी एकत्र येऊन संशोधन करावे, असा आग्रह आज सर्वत्र धरला जातो. या भागीदारीत कोण काय देते आणि समाजाच्या हाती काय पडते, हे रोटाव्हॅक या भारतीय लसीच्या उदाहरणावरून नीट समजते.

रोटा विषाणूमुळे तान्ह्या बाळांना तीव्र अतिसार होतो. विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही. पण अंगातील पाणी झपाट्याने कमी होत असताना दवाखाना दूर असेल, तर बाळ दगावते. त्यामुळे मृत्यू मात्र गरिबांच्या घरी अधिक होतात. १९८०च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. काही नवजात बालकांना या विषाणूचा संसर्ग होऊनही अतिसार झाला नव्हता आणि पुढेही तीव्र आजारापासून त्यांना संरक्षण मिळाले. विषाणूच्या त्या वाणास ‘११६-ई’ हे नाव मिळाले.

शोध लागला म्हणून लस तयार होत नाही. वाण वाढविणे, त्याची सुरक्षितता पारखणे आणि लाखो मात्रा एकसारख्या गुणवत्तेने बनविणे हे एकट्या प्रयोगशाळेचे काम नव्हे. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने निधी व समन्वयाची जबाबदारी घेतली, अमेरिकेतील शासकीय आरोग्य संस्था व स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी साहाय्य केले आणि हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने उत्पादन हाती घेतले. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग येथे सहा हजारांहून अधिक बालकांवर अंतिम चाचणी झाली. पहिल्या वर्षात तीव्र रोटा-अतिसाराचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. २०१५ मध्ये लस जाहीर झाली आणि २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आली.

यातील कळीची बाब किमतीची आहे. सार्वजनिक खरेदीसाठी एक मात्रा एका डॉलरला देण्याची हमी कंपनीने आधीच दिली होती. जनतेचा पैसा गुंतला असेल, तर जनतेच्या हिताची अट आरंभीच घालावी लागते. शोध पूर्ण झाल्यावर केलेल्या विनवणीला फारसे बळ नसते.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते स्वीकारल्यावर त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांची संयुक्त परिषद भरली. ज्याच्या श्रमावर उद्योग उभा राहतो, त्याला निर्णयाच्या मेजाशी खुर्ची हवी, हे तत्त्व त्यामागे होते. संशोधनालाही ते लागू पडते. ज्या मातापित्यांनी आपली लेकरे चाचणीत सहभागी केली, ते या कार्यातील चौथे भागीदार होत. अशा पालकांची सही संमतिपत्रावर असते. किंमत आणि स्वामित्वहक्क ठरविणाऱ्या करारावर मात्र नसते.

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेली मुले-मुली उद्या प्रयोगशाळेत, शासकीय समितीत किंवा कंपनीच्या कचेरीत बसतील. त्यांनी करार वाचताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पैसा कोणाचा, ज्ञानावर हक्क कोणाचा आणि तयार वस्तू गरिबाच्या दारी कोणत्या दराने पोहोचणार? प्रज्ञेला शील आणि करुणेची जोड हवी, ही धम्माची शिकवण आहे. ती आचरणात आणण्याची जागा असा करारही आहे.