खेळावयास मिळणें बरें कीं बलाढ्य प्रतिस्पर्धी बरे?

पोहण्याच्या तलावावर वॉटरपोलो खेळणाऱ्या मुलामुलींच्या घरीं एक प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतोच. मुलगा ज्या लहानशा संघांत असतो, तेथें तो प्रत्येक सामन्यांत पाण्यांत उतरतो; परंतु प्रतिपक्ष बेताचा असतो. इतक्यांत एखाद्या नांवाजलेल्या संघाकडून बोलावणें येतें. तेथील सराव कडक, सामने मोठे. पण बहुतेक वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढावा लागणार हेंही उघड असतें. अशा वेळीं काय करावें, याचा थोडा विचार विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ब्रिटनमध्यें उदयास आला व १९०० सालच्या पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यास स्थान मिळालें. स्त्रियांच्या संघांस मात्र तें २००० सालीं सिडनी येथें लाभलें. प्रत्येक बाजूस सात खेळाडू पाण्यांत असतात. पैकीं एक गोलरक्षक. इतर सहा जणांनीं तळास पाय लावावयाचा नाहीं आणि चेंडू एकाच हातानें धरावयाचा, असा नियम आहे. म्हणून दोन्ही पाय आळीपाळीनें वर्तुळाकार फिरवीत राहून शरीर उचलून धरावें लागतें. ही पायांची क्रिया साधावयास महिनेच्या महिने लागतात. आणि दमलेल्या पायांनीं ती टिकविणें, त्याच वेळीं चेंडूकडे, सोबत्याकडे व प्रतिस्पर्ध्याकडे लक्ष ठेवणें, ही विद्या सामन्यांतच अंगीं येते. काठावर बसून ती पाहतां येते, शिकतां येत नाहीं.

आतां थोडें गणित करूं. मोठ्या माणसांचा सामना आठ आठ मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे बत्तीस मिनिटांचा असतो. गोलरक्षक सोडून सहा जागा धरल्या, तर एका संघाच्या वांट्यास एकंदर १९२ मिनिटें येतात. संघांत असे बारा खेळाडू असल्यास समान वांटणीनें प्रत्येकास सोळा मिनिटें मिळावीं. परंतु जिंकण्याची ईर्षा असलेल्या संघांत वांटणी समान होत नाहीं. पहिले सहा जण बहुतेक मिनिटें घेतात आणि शेवटच्या दोघांतिघांस दोनचार मिनिटें मिळालीं तरी पुष्कळ. मुलांच्या सामन्यांत डाव अनेकदां याहून लहान असतात, म्हणजे वांटावयाचीं मिनिटेंही कमीच. गोलरक्षकाची गोष्ट तर निराळीच. त्याची जागा एकच, त्यामुळें दुसऱ्या गोलरक्षकास अख्खी स्पर्धा काठावर काढावी लागण्याचा संभव असतो.

यावरून लहान संघच बरा, असें कोणी म्हणेल. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दुबळ्या प्रतिपक्षापुढें अंगानें थोराड मुलगा नुसत्या बळावर गोल करीत सुटतो. चेंडू हातीं धरून रेंगाळण्याची संवय त्यास जडते. कारण तो हिसकावून घेणारा कोणी नसतो. बलाढ्य संघापुढें हेंच चालत नाहीं. चेंडू हातीं पडतो न पडतो तोंच प्रतिस्पर्धी अंगावर येतो. म्हणून चेंडू येण्यापूर्वींच आपली जागा व पुढील फेंक मनाशीं ठरवावी लागते. हें सुलभ विजयांनीं कधींच शिकवलें नसतें. आपल्या देशाचेंच उदाहरण पाहा. १९५१ सालीं नवी दिल्ली येथें भरलेल्या पहिल्या आशियाई सामन्यांत भारतीय संघानें या खेळाचें सुवर्णपदक मिळविलें. परंतु पुढच्याच वर्षीं हेल्सिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत यूरोपांतील संघांपुढें आपला टिकाव लागला नाहीं. जेथें रोज कसोटीचे सामने होतात, तेथील खेळाडू निराळाच घडतो.

मग निर्णय कसा करावा? आमच्या मतें संघाचें नांव विचारूं नये. या मुलास या वर्षीं कशाची उणीव आहे, तें विचारावें. ज्याचे पाय अद्याप पाण्यांत स्थिर नाहींत, जो चेंडू येतांच गोंधळतो, त्यास मिनिटें हवींत. मग प्रतिपक्ष सामान्य असला तरी चालेल. जो आपल्या संघांत सामना चालू असतां क्वचितच बाहेर येतो, ज्यास घाम न गाळतां गोल मिळतात व पराभव कसा असतो हें ठाऊक नाहीं, त्यास बलाढ्य प्रतिस्पर्धी हवेत; मग कांहीं दिवस बाक सोसावा लागला तरी हरकत नाहीं.

वयाचाही विचार अवश्य करावा. तेराचौदा वर्षांच्या दोन मुलांचें वय एकच असूनही त्यांच्या शरीराच्या वाढींत कित्येक वर्षांचें अंतर असूं शकतें. आज जो उंच व बळकट म्हणून निवडला जातो, तो पुढेंही सरस राहील असें नाहीं. आणि आज जो किरकोळ म्हणून बाकावर बसतो, त्याचे दिवस पुढें यावयाचे असतात. अशा उशिरा वाढणाऱ्या मुलास दोन वर्षें बाकावर ठेविलें, तर शरीर भरण्यापूर्वींच त्याचें मन खेळावरून उडतें व तो तलावच सोडतो. हें नुकसान कोणत्याही पदकानें भरून येत नाहीं.

तिसरा मार्गही पुष्कळदां असतो, तो पालकांनीं शोधावा. सामने आपल्या संघातर्फे खेळावे आणि दोन्ही शिक्षकांची संमति असल्यास आठवड्यांतून एकदोन दिवस बलाढ्य संघाबरोबर सराव करावा. किंवा आपल्याच तलावावर मोठ्या वयाच्या मुलांत मिसळून खेळावें. संघ बदलावयाचाच झाल्यास शिक्षकांस आधीं स्पष्ट विचारावें : मुलास कोणत्या जागीं खेळवाल? लहान सामन्यांत तरी त्यास पाण्यांत उतरवाल काय? सरावांत त्यास पहिल्या सहा जणांसमोर खेळावयास मिळेल काय? उत्तरें गोलमाल असलीं तर तेंही एक उत्तरच समजावें. तलावाचें अंतर, शाळेचा अभ्यास व झोंप यांचा हिशेबही त्याच वेळीं करावा. वर्षाअखेर पुन्हां एकदां विचार करावा. एकदां केलेली निवड जन्माची नसते.

बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांसही दोन शब्द. तीन मोठे अपराध झालेल्या खेळाडूस उरलेल्या सामन्यास मुकावें लागतें व त्याच्या जागीं राखीव खेळाडू उतरतो. ती हांक केव्हां येईल याचा नेम नाहीं. म्हणून बाकावर असतांनाही आपल्या जागेवरील खेळाडूवर नजर ठेवावी. तो कोठें चुकतो व कोठें साधतो, हें मनांत टिपावें.

पालकांस मात्र आमची एक नम्र विनंति आहे. मोठ्या संघाची टोपी मुलाच्या डोक्यावर दिसावी, ही हौस मुलाची कीं आपली, हें एकदां स्वतःस विचारून पाहावें, आणि मग मुलासही विचारावें. शुभवर्तमानांतील, धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपल्या शाळेंत सर्वांस परिचित आहे. मुलाचा गुण बाकावर बसून जसा पुरला जातो, तसाच तो सोप्या विजयांतही पुरला जातो. जेथें तो रोज थोडा खर्ची पडेल व थोडा वाढेल, तोच संघ त्याच्यासाठीं मोठा.