जगाच्या टोकावरचा विमानतळ आणि त्याच्या दारातला धंदा

नकाशा उघडून दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाकडे बोट नेले की चिली देशातील पुंता अरेनास हे शहर सापडते. वस्ती सुमारे सव्वा लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. राजधानी सांतियागोहून विमानाने साडेतीन तास लागतात. सडकेने जायचे तर स्वतःच्या देशातून सलग रस्ताच नाही, शेजारच्या अर्जेंटिनातून वळसा घ्यावा लागतो. अशा या आडबाजूच्या गावापासून सुमारे २० किलोमीटरवरचा विमानतळ मात्र जगभरच्या शास्त्रज्ञांना आणि पर्यटकांना ठाऊक आहे. कारण दक्षिण ध्रुवाच्या बर्फाळ खंडाकडे, म्हणजे अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या वाटेचे हे एक दार आहे.

अशी दारे जगात मुख्यतः पाच मानली जातात : पुंता अरेनास, अर्जेंटिनातील उशुआया, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च, ऑस्ट्रेलियातील होबार्ट आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन. आपल्या देशाची पहिली मोहीम डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाली होती. पुढे आपल्या शास्त्रज्ञांच्या जाण्या-येण्यासाठी केप टाऊनची वाट रुळली.

आता व्यापाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो. प्रवाशाला जायचे आहे पुढे, इथे तो फक्त विमान बदलतो. मग या गावाच्या पदरात काय पडते? याचे उत्तर समजण्यासाठी आधी पुढचा प्रवास कसा होतो ते पाहू.

विमान कुठे आणि कसे उतरते

पहिली वाट किंग जॉर्ज बेटाची. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, वेळ दोन तास. हाच प्रवास बोटीने करायचा तर ड्रेकची सामुद्रधुनी ओलांडावी लागते. ती जगातील सर्वांत खवळलेल्या समुद्रांपैकी एक आहे, आणि त्यात दोन दिवस जातात. या बेटावर चिलीने १९८० मध्ये धावपट्टी तयार केली. ती डांबरी नाही, खडीची आहे, आणि लांबीही सुमारे १,३०० मीटरच. म्हणून तेथे कोणतेही विमान चालत नाही. पंख वरच्या बाजूला असलेली, थोड्या जागेत थांबू शकणारी चार इंजिनांची लहान जेट विमाने तेथे वापरली जातात. पंख वर असल्याने चाकांनी उडवलेली खडी इंजिनाला लागण्याचा धोका कमी होतो. २००३ पासून पर्यटकांना विमानाने या बेटावर नेऊन तेथून बोटीत बसवण्याचा धंदा सुरू झाला.

दुसरी वाट खंडाच्या आत, युनियन ग्लेशियर या ठिकाणी जाते. हे अंतर सुमारे ३,००० किलोमीटर आहे. वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ झाडून नेला की खालचा जुना, निळा, दगडासारखा कठीण बर्फ उघडा पडतो. त्यावर चाकांची मोठी विमानेसुद्धा उतरतात. तेथून खाली पट्ट्या लावलेली छोटी विमाने थेट ध्रुवापर्यंत जातात.

थांबण्यातली कमाई

या सगळ्या प्रवासाचा मालक एकच, तो म्हणजे हवामान. तिकिटावर तारीख असते, पण बेटावर धुके उतरले तर विमान निघत नाही. कधी निघते आणि जागेवर उतरता येत नाही, तेव्हा तसेच माघारी येते. त्यासाठी परतीचे इंधन आधीच भरून घेतात. हलगर्जीला येथे माफी नाही. ९ डिसेंबर २०१९ रोजी येथूनच निघालेले चिलीच्या हवाई दलाचे विमान ३८ जणांसह समुद्रात कोसळले, त्यातला एकही वाचला नाही.

म्हणून प्रवाशांना एक-दोन दिवस अगोदर बोलावतात, आणि हवा बिघडली की मुक्काम वाढतो. विमान उभे राहिले तरी हॉटेल, खानावळ, टॅक्सी आणि दुकाने चालू राहतात. एका सफरीला दहा हजार डॉलरच्या वर खर्च करणारा माणूस दोन दिवस गावात रिकामा आहे, याचा अर्थ व्यापाऱ्याला सांगायला नको.

कपड्याची बाजू

आमच्या कापड व्यवसायातल्यांनी इकडे जरा लक्ष द्यावे. ध्रुवावर एक जाड कोट चालत नाही, थर लागतात. अंगालगत मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कापड, मध्ये हवा धरून ठेवणारा मऊ थर, आणि बाहेर वारा व पाणी अडवणारे कापड. अंगालगत सुती कपडा मात्र चालत नाही. उन्हाळ्यात आपल्याला आराम देणारा सुताचा गुण, म्हणजे घाम शोषून धरणे, तोच तेथे घात करतो, कारण ओला कपडा अंगातली ऊब खेचून घेतो.

असे कपडे आयुष्यात एकदाच लागतात. म्हणून पुंता अरेनासमध्ये ते भाड्यानेही मिळतात. अमेरिकेच्या पामर तळावर जाणाऱ्या मंडळींना अनेक वर्षे याच गावातल्या गोदामातून कपडे दिले जात. शिवाय निघण्यापूर्वी प्रत्येकाचे खिसे, शिवणी आणि चिकटपट्ट्या साफ कराव्या लागतात, बूट धुवावे लागतात. कपड्याला चिकटलेले गवताचे एक बीही त्या खंडावर परके रोप रुजवू शकते. म्हणजे विक्री, भाडे, धुलाई, दुरुस्ती आणि साठवण, एका कपड्यामागे पाच कामे उभी राहतात.

दार बंदही होते

पण हा धंदा गोड असला तरी पक्का नाही, हे पुंता अरेनासला अनुभवाने माहीत आहे. मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून दोन महासागरांची जहाजे जात, तेव्हा हे बंदर भरभराटीला आले होते. १८७७ मध्ये फॉकलंड बेटांवरून सुमारे ३०० मेंढ्या आणल्या आणि पुढे लोकरीतून मोठमोठ्या हवेल्या उभ्या राहिल्या. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला आणि बरीच जहाजे तिकडे वळली. गावात कोणाचा काही गुन्हा नव्हता, रस्ताच बदलला होता.

तेव्हापासून या गावाने एकाच दोरीवर भार टाकलेला नाही. १९७५ च्या कायद्याने येथे जकातमुक्त व्यापाराचा विभाग झाला. त्या व्यापारात आपल्याकडची सिंधी कुटुंबेही आहेत आणि गावात त्यांचे मंदिर आहे. मेंढपाळी आणि मासेमारीही चालू आहे. ध्रुवाची वाट ही त्यातली एक बाजू, आणि तीही मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च एवढीच. २०२०-२१ च्या हंगामात कोविडमुळे पर्यटक जवळजवळ आलेच नाहीत. बोटीने जाणारे बहुतेक पर्यटक तर शेजारच्या उशुआयाहूनच निघतात.

यातून घेण्यासारखे दोन मुद्दे आहेत. रस्त्याच्या शेवटच्या दुकानाला भाव मिळतो तो माल दुर्मिळ आहे म्हणून नव्हे, पुढे काहीच मिळणार नाही म्हणून. तेव्हा गिऱ्हाईक पुढे कुठे जाणार आणि तेथे त्याला काय लागणार, याची माहिती हेच त्या दुकानदाराचे खरे भांडवल. दुसरे असे, की ज्याची रोजी दुसऱ्याच्या वाटेवर अवलंबून आहे, त्याने हंगामात आलेला सगळा पैसा त्याच दुकानात गुंतवू नये. कालवा दुसरीकडे खणला जातो, त्याची परवानगी कोणी आपल्याला विचारत नाही.